साक्षीदाराला तीन दिवसांत, सदस्याला चौदा महिन्यांनी

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (वित्त),
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : शासकीय समित्यांवरील अशासकीय सदस्यांचा प्रवास भत्ता व दैनिक भत्ता

महोदय,

विषयाची ओळ वाचून हे पत्र कोणत्या गठ्ठ्यात जाईल याचा मला अंदाज आहे. 'भत्ता' हा शब्द दिसला की वाचणारा मनात म्हणतो, आले मागायला. म्हणून माझ्यापुरते आधीच सांगून टाकते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षे शिकवून निवृत्त झाले. पेन्शन महिन्याच्या महिन्याला येते. माझे चारशे रुपये कुठे अडकले म्हणून माझी चूल विझत नाही. हे पत्र माझ्या शेजारच्या खुर्चीबद्दल आहे. ती गेल्या तीन सभांपासून रिकामी आहे.

मी आमच्या जिल्ह्याच्या दक्षता व नियंत्रण समितीची अशासकीय सदस्य आहे. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम १९८९ चा. त्या कायद्याखाली १९९५ साली नियम झाले आणि त्यातल्या नियम १७ ने प्रत्येक जिल्ह्यात ही समिती बसवली. जिल्हाधिकारी अध्यक्ष, समाजकल्याणचे जिल्ह्याचे अधिकारी सदस्य सचिव, पोलीस अधीक्षक, खासदार, आमदार, काही राजपत्रित अधिकारी. आणि आमच्यासारखे बाहेरचे : अनुसूचित जाती-जमातींमधले जास्तीत जास्त पाच, इतर समाजांतले पण संस्थांत काम करणारे जास्तीत जास्त तीन. मी त्या तिघांतली. शेजारची खुर्ची त्या पाचांतल्या एका ताईंची.

ताई शेतमजूर आहेत. सातवी शिकलेल्या, पण गावातल्या प्रत्येक प्रकरणाचा गुन्हा क्रमांक त्यांना पाठ. आमच्या सभेत अधिकारी 'तपासावर प्रलंबित' म्हणाले की त्या विचारायच्या, "साहेब, पंचनाम्याला कोण गेलं होतं?" त्या एका प्रश्नाने सभेतली हवा बदलायची. पोलीस पाटलाच्या अंगणात बसून केलेला पंचनामा आणि घटनेच्या जागी उभे राहून केलेला पंचनामा यातला फरक आमच्यापैकी फक्त त्यांना माहीत होता. मला नव्हता. मी आपली कायद्याची कलमे घोकून जायची.

त्या का येत नाहीत, ते आता सांगते. जिल्हा कोणता आणि कार्यालय कोणते ते मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की एखाद्या लिपिकाला खुलासा मागितला जाईल, आणि दुखणे आहे तिथेच राहील.

ताईंचे गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून ११८ किलोमीटर. सभा अकरा वाजता. त्यासाठी गावातून पहाटे साडेपाचला सुटणारी मुक्कामी गाडी धरायची, तालुक्याला गाडी बदलायची, स्टँडवरून रिक्षा करायची. सभेला पोहोचल्यावर कळते की साहेब व्हीसीवर (व्हिडिओवरच्या बैठकीत) आहेत, सभा तीन वाजता. तीनची सभा चारला सुरू होऊन साडेपाचला संपते. गावाकडची शेवटची गाडी सव्वापाचची. मग रात्री एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी दुपारी घर. म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. आमच्याकडे बाईमाणसाची रोजंदारी तीनशे रुपये. सहाशे गेले. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे म्हणून भाडे तरी कमी, येऊन-जाऊन २०६ रुपये. रिक्षा, चहा, नातेवाइकाच्या घरी रिकाम्या हाताने जायचे नाही म्हणून पावशेर फरसाण. हे सगळे पैसे ताईंनी आधी कोणाकडून तरी उसने घेतलेले.

त्या सभेचे प्रवास देयक आम्ही दोघींनी एकाच दिवशी दिले. माझ्याच हस्ताक्षरात दोन्ही फॉर्म भरले. त्यानंतर जे झाले ते तुम्हाला नवे नसेल. पहिल्यांदा उत्तर आले, रद्द केलेला धनादेश जोडा. ताईंच्या जनधन खात्याला चेकबुक नव्हते. पासबुकाची झेरॉक्स चालेल की नाही हे ठरायला दीड महिना गेला. मग पॅन कार्ड. मग 'उपस्थिती प्रमाणपत्रावर सदस्य सचिवांची स्वाक्षरी नाही'. मग 'अनुदान उपलब्ध नाही'. मार्च उलटला, नवीन आर्थिक वर्ष आले, साहेबांची बदली झाली, लिपिकाचे टेबल बदलले. मी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज केला, तेव्हा कळले की ताईंच्या देयकावर शेरा आहे : 'तिकीट वाचता येत नाही, मूळ सुवाच्य तिकीट सादर करावे.'

एसटीचे तिकीट आता मशीनमधून निघते. ते उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असते, त्याला शाई नसते. उन्हात, घामाच्या हातात, ब्लाउजमधल्या पैशाच्या पाकिटात ठेवलेले ते तिकीट दोन-तीन महिन्यांत फिके पडते आणि पुढे कोरे होते. पूर्वी कंडक्टर चिमट्याने पंच करून देत तो रंगीत कागदाचा तुकडा वर्षभर टिकायचा. थोडक्यात, आम्ही तिकीट दिले तेव्हा ते वाचता येत होते. कार्यालयाच्या फाईलमध्ये पडून पडून ते कोरे झाले, आणि कोरे झाले म्हणून देयक परत आले.

शेवटी चौदा महिन्यांनी ताईंच्या खात्यात २०६ रुपये जमा झाले. रिक्षाची पावती नव्हती म्हणून रिक्षा गेली. सभा 'एक दिवसाची' होती म्हणून मुक्काम गेला. हे २०६ रुपये मिळवण्यासाठी ताईंनी दोनदा तालुक्याला खेपा घातल्या, त्याचे तिकीट अर्थातच कुठेच मागता येत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा. मसालाही तिनेच विकत आणायचा.

त्यानंतरच्या सभेची नोटीस आली तेव्हा मी फोन केला. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही जावा. सोयाबीन काढायचंय." मी आग्रह केला नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले त्या मुद्द्याकडे येते. ज्या नियमांनी आमची समिती जन्माला घातली, त्याच १९९५ च्या नियमांत सहा पावले मागे नियम ११ आहे. आमच्या सभेच्या कामाचाच तो भाग, कारण पीडितांना मिळालेली मदत आणि पुनर्वसन पाहणे ही समितीची जबाबदारी. आम्ही दर तीन महिन्यांनी त्यावर माहिती मागतो. हा नियम अत्याचाराच्या बळींच्या, त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या आणि साक्षीदारांच्या प्रवासाचा. तो वाचताना मला प्रत्येक वेळी वाटते की हा लिहिणाऱ्याने एकदा तरी मुक्कामी गाडीने प्रवास केलेला असावा.

तो म्हणतो : साक्षीदाराला राहत्या ठिकाणापासून तपासाच्या किंवा सुनावणीच्या ठिकाणापर्यंत रेल्वेचे दुसऱ्या वर्गाचे जाण्या-येण्याचे भाडे द्या, किंवा बसचे, टॅक्सीचे जे प्रत्यक्ष झाले ते द्या. बाई असेल, अल्पवयीन असेल, साठ वर्षांपुढची व्यक्ती असेल, चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल, तर तिला आपल्या पसंतीचा सोबती आणता येईल आणि त्याचाही खर्च द्या. जितके दिवस घराबाहेर राहावे लागले तितक्या दिवसांचा निर्वाह खर्च द्या, आणि तो राज्याने शेतमजुरांसाठी ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी नको. शिवाय जेवणाचा खर्च वेगळा. आणि हे सगळे ताबडतोब, किंवा फार तर तीन दिवसांत.

तीन दिवसांत, महोदय. आणि त्यातला 'घराबाहेर राहिलेले दिवस' हा शब्दप्रयोग पाहा. सभा किती वाजता सुरू झाली आणि किती वाजता संपली, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. माणूस घरातून निघाला कधी आणि घरी पोहोचला कधी, एवढेच तो पाहतो.

हा नियम प्रत्यक्षात नेहमी पाळला जातो असे मी म्हणणार नाही. आम्ही सभेत विचारतो तेव्हा सगळी उत्तरे ऐकण्यासारखी नसतात. पण प्रश्न विचारायला हातात नियम तरी आहे. गंमत अशी की ताई सभेत बसून साक्षीदारांचे पैसे तीन दिवसांत दिले का, हे तपासत होत्या, आणि त्यांच्या स्वतःच्या तिकिटाला चौदा महिने लागले. उद्या त्यांच्याच गावातल्या एखाद्या प्रकरणात त्या साक्षीदार म्हणून त्याच शहरात, त्याच गाडीने, त्याच दिवशी गेल्या, तर कायदा त्यांना मजुरी, जेवण आणि सोबतीण देतो. समितीच्या सदस्य म्हणून गेल्या तर देत नाही. बाई तीच आणि ११८ किलोमीटरही तेच.

आमच्या हाती काय आहे? समिती नेमणाऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी येणारे एक वाक्य : 'अशासकीय सदस्यांना प्रचलित नियमानुसार प्रवास भत्ता व दैनिक भत्ता अनुज्ञेय राहील.' समिती भाषेची असो, ग्राहकांची असो, अपंगांची असो, हे वाक्य थोड्याफार फरकाने तेच असते. मी मराठी शिकवले आहे म्हणून या वाक्याशी माझे जरा वैयक्तिक भांडण आहे. 'अनुज्ञेय' म्हणजे परवानगी आहे. देऊ असे त्यात कोणी म्हटलेले नाही. कोण देणार, कधी देणार, कुठल्या लेखाशीर्षातून (म्हणजे सरकारी खर्चाच्या कुठल्या खात्यातून) देणार, काही नाही. व्याकरणाने कर्ता 'भत्ता', आणि देणारा माणूसच गायब! मुलांनी असे वाक्य लिहिले असते तर मी लाल शाईने 'कोण?' असे लिहिले असते.

आणि 'प्रचलित' म्हणजे कोणते? मी विचारत गेले तेव्हा एका सज्जन लेखापालांनी मला मुंबई नागरी सेवा नियम १९५९ च्या परिशिष्ट ४२-अ ची झेरॉक्स दाखवली. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या असतील, दर बदलले असतील, पण पाया तो. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चे. आमचा प्रवास भत्ता त्याहून वर्षाने थोरला, द्विभाषिक मुंबई राज्यातला. जुने म्हणून वाईट असे मी म्हणत नाही, मीही जुनीच आहे. पण त्या नियमांच्या मनात जो बिगरसरकारी सदस्य आहे तो कोण? वकील, डॉक्टर, कारखानदार, निवृत्त अधिकारी. त्याला कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याबरोबर धरायचे आणि रेल्वेचा कोणता वर्ग द्यायचा, एवढाच तिथे प्रश्न असतो. खिशातून आधी खर्च करायची त्याची ऐपत आहे हे गृहीतच. रोजंदारी बुडवून सभेला येणारी बाई त्या परिशिष्टाच्या स्वप्नातही नव्हती. तिला १९९५ च्या नियमांनी खुर्ची दिली. खुर्चीपर्यंत यायचा रस्ता मात्र १९५९ चाच राहिला.

योगायोग बघा, त्याच १९५९ साली संसदेने अपात्रता निवारणाचा कायदा केला. लाभाचे पद, म्हणजे जे घेतले की खासदारकी जाऊ शकते ते पद, कोणते आणि कोणते नव्हे, याचा तो कायदा. त्यात भरपाई भत्त्याची व्याख्या आहे : दैनिक भत्ता, प्रवास भत्ता वगैरे, त्या पदाचे काम करताना झालेला खर्च भरून निघावा म्हणून दिलेले पैसे. म्हणजे हे पैसे लाभ नव्हेत, बक्षीस नव्हे, मानधनही नव्हे. गेलेले परत येणे. ही व्याख्या खासदारांच्या सोयीची म्हणून लिहिली गेली, पण तत्त्व सरळ आहे. खर्च भरून काढायचाच असेल तर ज्यांचा खर्च म्हणजे उसने पैसे आणि बुडालेली मजुरी, त्यांच्या बाबतीत तो आधी भरायला हवा.

केंद्र सरकारचे नियम निदान हिशेबाच्या बाबतीत बरे आहेत. १३ जुलै २०१७ च्या आदेशाप्रमाणे तिथे दौऱ्यावरच्या कर्मचाऱ्याची मुख्यालयातली गैरहजेरी मध्यरात्र ते मध्यरात्र मोजतात : सहा तासांपेक्षा कमी तर जेवणखर्चाच्या ३० टक्के, सहा ते बारा तास ७० टक्के, बारा तासांवर पूर्ण. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की दैनिक भत्त्याचे दर आपोआप २५ टक्क्यांनी वाढतात. जानेवारी २०२४ मध्ये तो टप्पा आला. दर वाढवून घ्यायला कोणाला मोर्चा काढावा लागत नाही, हे मला आवडले. न आवडलेलेही सांगते. त्या आदेशात वेतनाच्या स्तर १४ आणि वरच्या अधिकाऱ्याला जेवणासाठी दिवसाला १२०० रुपयांपर्यंत, स्तर ५ आणि खालच्याला ५००. शहरात फिरायला वरच्याला ५० किलोमीटरपर्यंत वातानुकूलित टॅक्सी, खालच्याला ११३ रुपये. हे मूळचे दर. आता पाव पटीने वाढले असतील. पदाबरोबर भूकही वाढते हे मला शिक्षकी पेशात कळले नव्हते. असो. ते तुमचे अंतर्गत प्रकरण.

परत आमच्या सभेकडे. आणखी एक प्रसंग लिहिल्याशिवाय राहवत नाही. एकदा आम्ही सगळे पोहोचल्यावर दाराशीच कळले की सभा पुढे ढकलली. सकाळी सव्वादहाला व्हॉट्सॲपवर निरोप टाकला होता. सव्वादहाला ताई दुसऱ्या गाडीत, आणि त्या रस्त्यावर घाट संपेपर्यंत रेंज नसते. आम्ही देयके दिली. उत्तर आले : सभा झालीच नाही, त्यामुळे उपस्थिती प्रमाणपत्र देता येत नाही, त्यामुळे भत्ता अनुज्ञेय नाही. तर्कशास्त्राच्या दृष्टीने याला तोड नाही. सभा तहकूब करणारे आम्ही नव्हतो, पण तहकुबीचा खर्च आमचा. त्या दिवशी समितीतले एक काका, वय सत्याहत्तर, हसत म्हणाले, "माझा तर क्लेमच नाही." खरेच होते. ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून एसटी मोफत, त्यांचे तिकीट शून्य रुपयांचे. पण त्यांच्या वाडीपासून एसटीच्या फाट्यापर्यंत सात किलोमीटर. ते अंतर नातू मोटारसायकलने सोडतो, संध्याकाळी घ्यायला येतो. त्या पेट्रोलला नियमात जागा नाही.

तुमची बाजू मला कळत नाही असे समजू नका. मुख्याध्यापक म्हणून मीही पाच वर्षे शाळेचे हिशेब लिहिले आहेत आणि लेखापरीक्षणाच्या आदल्या रात्री जागले आहे. खोटी देयके येतात. एसटीने येऊन टॅक्सीचे बिल लावणारे असतात, एका गाडीत चौघे येऊन चार बिले लावणारेही असतात. सही करून चहा पिऊन जाणाऱ्या सदस्यांनाही मी ओळखते. एकाने लबाडी केली की नियमाला आणखी एक अट चिकटते, आणि मूळ लबाडाकडे त्या अटीसाठी लागणारी पावती नेमकी असतेच! अडकते ती जिच्याकडे पावती मागायची सवय नाही अशी बाई. तिकीट, पावती, रद्द धनादेश, प्रमाणपत्र या सगळ्या चाळण्यांतून खोटे बिल आरामात पार होते. मी पाहिले आहे.

म्हणून माझे म्हणणे, तिकीट मागूच नका. सदस्य नेमताना त्याचे गाव ठाऊक असते. गाव ते जिल्ह्याचे ठिकाण हे अंतर एकदा नेमणुकीच्या आदेशातच लिहून टाका. एसटीचा टप्प्याचा दर तर शासनाच्या मान्यतेनेच ठरतो. अंतर गुणिले दर, त्यात फाट्यापर्यंतचे आणि स्टँडपासूनचे ठरावीक, बस. बायकांना अर्धे तिकीट म्हणून अर्धेच धरा, आमची हरकत नाही. हजेरीपटावर सही झाली की रक्कम ठरली. लबाडीला जागाच राहत नाही, कारण दाखवायला काही नाही आणि लपवायलाही काही नाही. दौऱ्यावर निघणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रवासाचे अग्रिम, म्हणजे आगाऊ पैसे, देण्याची पद्धत तुमच्याकडे आहे; तशी सदस्यांच्या बाबतीत का नको हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही. नोटिशीबरोबरच पैसे खात्यात आले तर उत्तमच. आले नाहीत तर सभा संपल्यापासून तीन दिवस, नियम ११ सारखे. सदस्य दारापर्यंत येऊन सभा रद्द झाली, तर ती झाली असे धरून.

आणि मजुरी. यावर मला माहीत आहे तुमच्याकडून काय उत्तर येईल : समितीचे काम मानद आहे. मानद शब्दाचा मान राखून सांगते, माझ्यासारख्या पेन्शनरने मानद काम करावे. सरकारी अधिकारी सभेला बसतो तो दिवस त्याच्या पगारात असतो. खासदार-आमदार येतात त्यांचेही भत्ते ठरलेले. त्या टेबलाभोवती ज्याचा दिवस खरोखर बुडतो असा माणूस एकच, रोजंदारीवरचा. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला कोणाची ना नाही, पण पीठही तिनेच आणायचे? नियम ११ मध्ये शेतमजुराच्या किमान वेतनाचा आधार आहेच. तोच शब्द उचला. शेतमजूर, बांधकाम कामगार, ऊसतोडणी कामगार, ज्यांना पगारी रजा नाही असे सदस्य, एवढ्यांनाच द्या. साठीपुढच्या आणि अपंग सदस्यांना सोबतीचा खर्चही त्याच नियमातून उचलता येईल. राज्यात अपंगांच्या प्रश्नावरच्या समित्या आहेत. अंध सदस्याने मुंबईच्या सभेला एकट्याने यावे अशी कोणाची अपेक्षा असेल असे मला वाटत नाही, पण दुसऱ्या तिकिटाचे काय हे विचारले की सगळे एकमेकांकडे बघतात.

याला पैसे किती लागतील, हा तुमचा हक्काचा प्रश्न. आमच्या एका समितीपुरता हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला. अशासकीय सदस्य जास्तीत जास्त ८. नियमाप्रमाणे तीन महिन्यांतून किमान एक सभा, म्हणजे वर्षाला ४. जिल्हे ३६. आठ चोक बत्तीस, बत्तीस गुणिले छत्तीस म्हणजे ११५२ फेऱ्या. प्रवास, जेवण, मजुरी आणि काहींचा सोबती मिळून एका फेरीला सरसकट दीड हजार रुपये धरले, जे आमच्या ताईंच्या खर्चापेक्षा बरेच जास्त आहेत, तरी साऱ्या राज्याचा वर्षाचा आकडा १७ लाख २८ हजार होतो. राज्याच्या अर्थसंकल्पात हा आकडा शोधायला चष्मा पुरणार नाही. दुसऱ्या समित्या धरल्या की तो वाढेल, हे खरे. पण आज ती देयके तपासण्यात, त्रुटी काढण्यात, परत पाठवण्यात आणि माझ्या माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देण्यात जितके कर्मचाऱ्यांचे तास जातात त्यांचीही किंमत कुणीतरी एकदा मांडावी.

पैशांपेक्षा लेखाशीर्षाची अडचण मोठी आहे, असे मला एका कोषागारातल्या माजी विद्यार्थ्याने सांगितले. आमची देयके 'देशांतर्गत प्रवास खर्च' या उद्दिष्टाखाली, म्हणजे लेखाशीर्षातल्या त्या पोटखात्यात, जातात. त्याच डब्यातून कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांच्या दौऱ्यांचाही खर्च. अनुदान आले की आधी घरच्यांची देयके निघणार, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. मी त्या लिपिकाला दोष देत नाही. त्याचे स्वतःचे दौऱ्याचे बिल आठ महिने थकले होते. बाहेरच्या सदस्यांसाठी वेगळे उद्दिष्ट शीर्ष काढा किंवा असलेल्यातच वेगळी, दुसरीकडे वळवता न येणारी तरतूद ठेवा. हे एक काम फक्त वित्त विभागच करू शकतो, म्हणून पत्र सामाजिक न्याय विभागाला न लिहिता तुम्हाला लिहिले.

हे असेच राहिले तर काय होते, तेही पाहिले आहे. मागच्या वेळी समितीच्या पुनर्रचनेसाठी नावे काढायची होती तेव्हा एका कार्यालयात माझ्यासमोरच बोलणे झाले : "लांबची नावं नकोत, टीएचा घोळ होतो. इथलीच घ्या." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते, त्याला फाईल सुटसुटीत हवी होती. शहरातली चार भली माणसे मिळाली असती. त्यांना रिक्षाचे भाडेही लागले नसते, सभा तीनला असो की पाचला. आणि पंचनाम्याला कोण गेले होते, हे कोणीच विचारले नसते.

पुढची सभा पुढच्या महिन्यात आहे. नोटीस यायची आहे. ताईंचे तिकीट मी काढून देईन, हे सोपे आहे आणि मी दोनदा सुचवूनही पाहिले. त्या नाही म्हणाल्या. "तुमच्या पैशानं गेले तर मग मी तुमचीच माणूस झाले की," असे म्हणाल्या. त्यावर मला काही बोलता आले नाही.

आपली,
एक अशासकीय सदस्य

ता. क. : त्या सभेची माझी तिकिटे मी त्याच संध्याकाळी स्टँडसमोर दोन रुपयांना झेरॉक्स करून ठेवली होती, म्हणून माझे देयक ताईंच्या आधी चार महिने निघाले. छायाप्रत सोबत जोडली आहे. मूळ तिकिटेही जोडली आहेत; ती दोन्ही आता कोरी आहेत.